पेट शॉपमध्ये पिल्लांच्या ऑर्डरी बंद करून दत्तक-कोपरा सुरू करावा का?

मिरजमळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. २२० चौरस फुटांचं पेट शॉप आहे. मुख्य धंदा खाद्य, पट्टे, साखळ्या, शाम्पू आणि फिशटँकच्या सामानाचा. शिवाय पक्ष्यांचे चार पिंजरे (लव्हबर्ड, कॉकटेल), सशांचा एक पिंजरा आणि माशांच्या १२ टाक्या. कुत्र्यांची पिल्लं दुकानात ठेवत नाही, पण गिऱ्हाइकाने मागितलं तर एजंटकडून मागवून देतो. पिल्लू सकाळी येतं, संध्याकाळी जातं.

गावातल्या प्राणिमित्रांच्या एका गटाचं म्हणणं आहे की या ऑर्डरी बंद करा, त्याऐवजी दुकानात दत्तक-कोपरा करू. कल्पना पटते, पण काही गोष्टी स्पष्ट होत नाहीत.

पहिली म्हणजे, दुकानात प्राणी न ठेवता नुसती ऑर्डर घेतली तरी नोंदणी लागते का? दुसरी, दत्तक देताना लसीचे, जंताच्या औषधाचे पैसे घेतले तर ती विक्रीच झाली की. मग नैतिक फरक उरला कुठे? आणि तिसरी, कुत्रं विकलं तर पाप आणि ससा, पक्षी, मासा विकला तर चालतं, हे कुठल्या हिशोबाने?

'प्राण्यांनाही भावना असतात' इथपर्यंतची चर्चा भरपूर वाचली आहे. करायचं कसं आणि कुठे फसतं, ते जाणकारांनी सांगावं.

---

खूर_आणि_शेपूट (पशुवैद्य)

'सकाळी येतं, संध्याकाळी जातं' यात तुम्हाला सोय दिसते आहे. तुमच्या सगळ्या व्यवहारात सर्वांत धोक्याचं तेच आहे.

एजंटची पिल्लं एका आईची नसतात. तीन-चार ठिकाणच्या विणींतली पिल्लं एका क्रेटमध्ये, बहुतेक वेळा ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, रात्रभर प्रवास करून येतात. त्यातल्या एकाला पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) असेल तर सकाळपर्यंत तो सगळ्यांच्या अंगाला, पायांना लागलेला असतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात. त्यामुळे पिल्लू तुमच्या काउंटरवर ठणठणीत उड्या मारतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी गिऱ्हाइकाच्या घरी उलट्या, रक्ताची हगवण सुरू होते. मग दुकान म्हणतं, तुम्ही गायीचं दूध पाजलंत. गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही आजारी पिल्लू दिलंत.

त्यावर तोडगा म्हणून काही दुकानं '७ दिवसांची गॅरंटी, पिल्लू गेलं तर दुसरं देऊ' म्हणतात. हा तर उघड घात आहे. पार्व्होचा विषाणू घरात, फरशीच्या सांध्यांत, मातीत कित्येक महिने टिकतो. त्याच घरात लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू पाठवणं म्हणजे त्यालाही मरायला पाठवणं.

फिनेलने पार्व्हो मरत नाही. सॅनिटायझरनेही नाही. (मांजरांसाठी तर फिनेल स्वतःच विषारी.) आधी साबणाने घाण पूर्ण धुवायची, मग ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १ भाग आणि पाणी ३० भाग असं ताजं द्रावण करून फरशी किमान १० मिनिटं ओली ठेवायची. घाणीवर ओतलं तर त्याचा जोर घाणीतच संपतो, आणि लोक चुकतात ते इथेच. मातीच्या अंगणाला हाही उपाय लागू पडत नाही.

आता वय. कुत्र्या-मांजराचं ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला २०१८ च्या पेट शॉप नियमांनी मनाई आहे. बाजारात ५ आठवड्यांचं पिल्लू '५० दिवसांचं' म्हणून सर्रास येतं, कारण लहान दिसतं तितकं गिऱ्हाईक लवकर विरघळतं. तोंड उघडून बघा. ८ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे सगळे २८ दात असतात: पुढचे १२, सुळे ४ आणि सुळ्यांमागे प्रत्येक बाजूला वर ३, खाली ३ दाढा. मागच्या दाढा अजून हिरडीतच असतील तर पिल्लू लहान आहे, कार्डावर काहीही लिहिलेलं असो. मांजराच्या पिल्लाचे निळे डोळे सहाव्या-सातव्या आठवड्यात रंग बदलू लागतात. एकसारखे निळे असतील तर वयाबद्दल शंका घ्या (सयामी आणि त्या रंगाची मांजरं सोडून). वयाचा एवढा अट्टहास कशाला? चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू भावंडांशी झोंबताना शिकतं. पाचव्या आठवड्यात उचललेलं पिल्लू पुढे घरातल्या पोरांचे हात फोडतं आणि मग 'चावरं निघालं' म्हणून परत येतं.

लसीचं कार्ड बघताना बाटलीवरचं बॅच नंबर असलेलं स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही आणि त्यांचा नोंदणी क्रमांक, चारही हवेत. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या लसीला निष्प्रभ करते. ती कोणात सहाव्या आठवड्यात ओसरते, कोणात सोळाव्या. म्हणून ६-८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवडे होईपर्यंत डोस द्यावे लागतात. रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांना. 'दोन लसी झाल्यात' या वाक्याला वय विचारल्याशिवाय अर्थ नाही. चौथ्या आठवड्यात टोचलेली लस कार्ड भरायला चांगली, एवढंच.

पर्शियन मांजरांबद्दल एकच: कानामागे, पंजांवर टक्कल आणि खपल्या दिसल्या तर ती बुरशी आहे आणि ती घरातल्या मुलांना लागते.

---

भटकी_शेपटी

डॉक्टरांना +१. तुमचे पहिले दोन प्रश्न मी घेते.

नोंदणी लागते. २०१८ च्या नियमांतली पेट शॉपची व्याख्या दुकानात पिंजरा आहे का हे बघत नाही. प्राण्यांच्या खरेदी-विक्रीचा किरकोळ किंवा घाऊक व्यवहार जिथे होतो ती जागा पेट शॉप. आठवडी बाजारातला गाळा त्यात आहे आणि ऑनलाइन व्यासपीठसुद्धा. तुमच्याकडे तर ससे आणि पक्षी आहेतच, ते त्या नियमांतल्या 'पाळीव प्राण्यां'त नावानिशी येतात. अर्ज राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे करायचा, फी ५,००० रुपये, आधी तपासणी, मुदत ५ वर्षं. प्रत्येक दुकानाला वेगळी नोंदणी. प्रमाणपत्र दिसेल असं लावायचं. प्राणी कुठून आला, कोणाला गेला, किती मेले, याची वही ठेवायची. १८ वर्षांखालच्याला विकायचं नाही, म्हणजे शाळेतून येताना खाऊच्या पैशांत पक्षी नेणारी पोरंही बाद.

कोणी म्हणेल, पकडलं तर काय होतं? १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे, हे खरं. वडापावच्या हिशोबातला कायदा. पण नोंदणी नसेल तर धंदाच बेकायदा ठरतो, आणि ते दुकानदाराला ५० रुपयांपेक्षा महाग पडतं.

पैशांचा प्रश्न तुम्ही नेमका विचारला आहे. दत्तक म्हणजे फुकट नव्हे आणि पैसे घेतले म्हणजे विक्री झाली असंही नाही. बघायचं ते हे की, हे पिल्लू गेल्यावर त्याच्या जागी दुसरं पिल्लू जन्माला घालण्यात कोणाचा फायदा आहे का? विक्रीत असतो, मागणी वाढली की कुत्री पुन्हा गाभण केली जाते. दत्तकात नसायला हवा. म्हणून आकारणी फक्त झालेल्या खर्चाच्या पावत्यांइतकी, पावत्या फॉर्मला टाचलेल्या, आणि रक्कम गटाच्या खात्यात. दुकानाच्या गल्ल्यात एक रुपयाही नाही. 'आमचं १,५०० चं किट घेतलं तरच दत्तक' ही सुद्धा विक्रीच, किंमत फक्त पट्ट्यावर लिहिलेली.

हे काल्पनिक नाही. कॅलिफोर्नियात २०१९ पासून पेट शॉपला कुत्री, मांजरं, ससे फक्त शेल्टर किंवा रेस्क्यू संस्थेकडूनच घेऊन द्यायची सक्ती झाली. लगेच कागदोपत्री 'रेस्क्यू' उगवल्या आणि पिल्लांच्या कारखान्यांतला माल त्यांच्या नावाने दुकानांत येऊ लागला, त्याच चढ्या दरांत. शेवटी २०२० मध्ये दुसरा कायदा करावा लागला. दुकानाने विकायचंच नाही, फक्त जागा द्यायची, जागेचे पैसे घ्यायचे नाहीत, प्राणी नसबंदी झालेला हवा आणि सगळं मिळून शुल्क ५०० डॉलरच्या आत.

आपल्याकडे त्याची आवृत्ती व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येते: 'लॅब्रेडॉर फ्री अडॉप्शन, फक्त ट्रान्सपोर्ट आणि लसीचे ८,०००'. ओळखायची खूण सोपी आहे. दत्तक म्हणून येणारी जातिवंत कुत्री बहुतेक मोठी असतात: मालक बदली होऊन गेला, घरात बाळ आलं, वाटलं होतं त्यापेक्षा केस जास्त गळतात. एकाच माणसाकडे दर महिन्याला दोन महिन्यांची जातिवंत पिल्लं 'दत्तक' असतील तर मागे वीण चालू आहे.

प्रत्यक्ष कोपऱ्याबद्दल. २२० फुटांत कुत्री मुक्कामाला ठेवू नका. महिन्यातून एक-दोन रविवार, सकाळी ९ ते १२, बस. प्राणी गटाचे, फॉस्टर घरांतून (दत्तक जाईपर्यंत तात्पुरतं सांभाळणाऱ्यांकडून) येतील आणि तिथेच परत जातील. एकावेळी चार कुत्री, प्रत्येकामागे एक माणूस, दोन कुत्र्यांत सहा फूट अंतर, पाण्याची भांडी वेगळी. पट्टा आणि छातीचा हार्नेस दोन्ही, कारण घाबरलेलं देशी कुत्रं नुसत्या पट्ट्यातून मागे सरकून सुटतं आणि समोर रस्ता असतो. दाराला आडवी जाळी. कमी लसी झालेली पिल्लं आणूच नका. त्यांचे फोटो आणि व्हिडिओ भिंतीवर लावा, भेट फॉस्टरच्या घरी. दिवाळीच्या आठवड्यात कार्यक्रम नाही.

त्याच दिवशी प्राणी हातात द्यायचा नाही. दुकानात फक्त नाव नोंदवायचं. मग फोनवर बोलणं, घर बघणं: खिडक्यांना जाळी आहे का, भाड्याचं घर असेल तर मालकाची चिठ्ठी, दिवसभर घरी कोण. घरातल्या सगळ्यांची भेट, कारण 'मुलाला हवंय' आणि 'आजीला चालत नाही' हे एकाच घरात असतं. किमान ४८ तास गेल्यावर १५ दिवसांच्या चाचणीवर सोपवायचं. तिसऱ्या दिवशी, पंधराव्या दिवशी आणि तीन महिन्यांनी फोन. तिसऱ्या दिवसाचा चुकवू नका: खात नाही, पलंगाखालून निघत नाही, रात्री रडतं, या तीन तक्रारी तेव्हाच येतात आणि बोलून सुटतात.

करारात दोन ओळी पक्क्या हव्यात. नसबंदी अमुक तारखेपर्यंत, आणि कधीही, अगदी पाच वर्षांनीही सांभाळणं जमलं नाही तर प्राणी गटालाच परत, परस्पर दुसऱ्याला नाही. परत घ्यायची तयारी नसलेल्या गटाबरोबर काम करू नका, मग त्यांचे बॅनर कितीही सुंदर असोत.

अवांतर: सोसायटीत कुत्रं चालत नाही म्हणून बरेच जण मागे हटतात. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. त्याची प्रत फॉर्मसोबत ठेवा.

---

शिकारी_हाउंड

ताईंचं बरंचसं मान्य, पण 'विक्री म्हणजे वाईट' हा सूर पटला नाही. काम करणारा कुत्रा, राखणीचा कुत्रा, विशिष्ट स्वभावाचा कुत्रा हवा असलेले लोक राहणारच. त्यांना रस्त्यावरचं पिल्लू घ्या म्हणून सांगितलं तर ते घेणार नाहीत, ऑनलाइन जाऊन फसतील. जबाबदार ब्रीडर हवेत आणि त्यांनी पैसे घेतले तर त्यात चोरी नाही.

मात्र म्हणूनच दुकानातून पिल्लू नको. नीट काम करणारा ब्रीडर पेट शॉपला पिल्लू देतच नाही. त्याला घेणारा माणूस स्वतः बघायचा असतो. जो देतो त्याला घेणाऱ्याने आई बघू नये असं वाटत असतं. एजंटच्या साखळीचा उपयोगच तो आहे. इंग्लंडने एप्रिल २०२० पासून नेमकी हीच कडी तोडली: सहा महिन्यांखालचं पिल्लू तिऱ्हाइताने विकायचं नाही, घ्यायचं तर थेट ब्रीडरकडून किंवा शेल्टरमधून. फ्रान्सने १ जानेवारी २०२४ पासून दुकानांत कुत्री-मांजरं विकणं बंद केलं.

धागाकर्त्यांनी ऑर्डर घेण्याऐवजी गिऱ्हाइकाला एक कागद छापून द्यावा. ब्रीडरकडे जाऊन काय बघायचं, एवढंच त्यावर:

आई समोर दाखवली पाहिजे, पिल्लांसोबत, त्याच जागी. 'आई गावाला आहे' म्हटलं की परत फिरा. २०१७ च्या कुत्रा प्रजनन नियमांप्रमाणे नोंदणी क्रमांक विचारा. कुत्री १८ महिन्यांखालची किंवा ८ वर्षांवरची नसावी, वर्षाला एकच वीण, आयुष्यात पाचच. तिची आचळं लोंबलेली आणि फासळ्या दिसत असतील तर वहीत काहीही असो, उत्तर मिळालं. पिल्लाला मायक्रोचिप हवी. १५ अंकी क्रमांक स्कॅनरवर वाचून कागदाशी जुळवा. शेपूट किंवा कान कापलेले असतील तर तो नियमभंग आहे, 'जातच तशी' हे उत्तर नव्हे. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. पगमध्ये बापाला जिना चढवून बघा. घुरघुरत, जीभ निळसर पडत असेल तर पिल्लाचा श्वासही तसाच जाणार.

आणि केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद म्हणजे सरकारी परवाना नव्हे. तो वंशावळ सांगतो, तब्येत नाही. या एका गैरसमजावर अर्धा बाजार चालतो.

---

मिरजमळा

सगळ्यांचे आभार. ऑर्डरी बंद, हे ठरलं. छापील कागदाची कल्पना आवडली, तो काउंटरवर ठेवतो. रविवारच्या कार्यक्रमासाठी आतली दोन रॅक हलवली तर दहा बाय आठची जागा निघते, चारऐवजी तीनच कुत्री आणू.

पण तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही. पक्षी, ससे, मासे?

---

दाणापाणी

तो प्रश्न लोक टाळतात, कारण उत्तर अडचणीचं आहे. अमेरिकेतली पेटस्मार्ट ही दुकानांची मोठी साखळी कुत्री-मांजरं विकत नाही, स्थानिक शेल्टरना दुकानात जागा देते, आणि त्या वाटेने १ कोटीहून जास्त प्राणी घरी गेले आहेत. त्याच दुकानात दोन रांगा पुढे हॅमस्टर, पक्षी आणि सरडे विकायला असतात. ज्याचं रडणं ऐकू येतं त्याचा विचार आधी होतो.

पक्ष्यांपासून. आपला हिरवा पोपट, मुनिया, कुठलाही भारतीय पक्षी विकायला १९९०-९१ पासून बंदी आहे. पोपटाची पिल्लं ढोलीतून काढलेली असतात, मुनिया जाळ्यात धरून कधी हिरव्या-पिवळ्या रंगवून 'परदेशी' म्हणून येतात. पंखांखालचं पीस ओल्या कापसाने पुसून बघा. कोणी 'घरी ठेवलाय, घ्या' म्हणून पोपट आणून दिला तर दुकानात घेऊ नका, वन खात्याला कळवा. सोडूनही देऊ नका, हातावर वाढलेला पोपट बाहेर दोन दिवस टिकत नाही. स्टार कासव म्हणजे थेट तुरुंगाचा विषय.

परदेशी पक्ष्यांत २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइटसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतल्या जाती वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी लागते. आफ्रिकन ग्रे, सन कन्युअर, मकाव हे त्यात. बजरीगर, कॉकटेल आणि पीचफेस लव्हबर्ड साइटसच्या यादीतून वगळलेले आहेत. तुम्ही ज्यांना लव्हबर्ड लिहिलंय ते बहुधा बजरीगरच असतील, आपल्याकडे सगळेच तसं म्हणतात. तेव्हा कायद्याने तुम्ही सुटलात. नीतीने नाही.

बजरीगराच्या बाबतीत दुकानदाराची चूक एकच असते: जोडीसोबत मडकं विकणं. मडकं नसेल तर बजरीगर सहसा अंडी घालत नाही. मडकं टांगलं की ४ ते ६ अंडी, १८ दिवसांत पिल्लं, महिना-सव्वा महिन्यात ती बाहेर, आणि मादी पुन्हा अंड्यांवर. वर्षभरात दीड फुटाच्या पिंजऱ्यात डझनभर पक्षी होतात, पिसं उपटतात, माद्या अंडी अडकून मरतात, आणि गिऱ्हाईक उरलेले तुमच्याकडे आणून टाकतं. म्हणून मडकं विकूच नका आणि दोन नर द्या. मोठ्या पक्ष्यात चोचीवरचा नाकाचा भाग नराचा निळा, मादीचा तपकिरी किंवा पांढुरका. अल्बिनो (पांढऱ्या) आणि ल्युटिनो (पिवळ्या) नरांत तो गुलाबी-जांभळा राहतो, तिथे फसायला होतं. दोन नर मजेत राहतात, बोलायलाही तेच शिकतात. पिंजरा उंच नको, लांब हवा. पक्षी आडवा उडतो. जोडीला किमान ७५ सेंटिमीटर लांबी, गजांत १२ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. कॉकटेल १५-२० वर्षं जगतो हे विकताना सांगा. चारपैकी एक गिऱ्हाईक तिथेच विचारात पडेल, आणि पडू द्या.

सशांचं मी सरळ बंद करा म्हणेन. बाजारात येणारी पिल्लं तीन-चार आठवड्यांची असतात, नर-मादी ओळखण्यात हमखास चूक होते, आणि साडेतीन-चार महिन्यांपासून ती एकमेकांवर चढायला लागतात. गाभणकाळ ३० दिवस, आणि मादी व्यायल्या दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. तारेच्या तळाच्या पिंजऱ्यात टाचा सोलवटतात. ३० अंशांच्या वर ऊन चढलं की धापा टाकायला लागतात, आणि आपल्याकडे मार्च ते मे काय असतं ते वेगळं सांगायला नको. आहाराचा मुख्य भाग सुकं गवत असतो, गाजर नव्हे. गवत नसेल तर दात वाढत राहतात आणि आतडं थांबतं. एवढं सगळं सांगून कोण घेणार? म्हणून बंद. सशांसाठी दत्तक-कोपरा मात्र जरूर ठेवा, टाकून दिलेले ससे कमी नाहीत.

माशांत दोन नियम पाळा. टाकी आणि मासे एकाच दिवशी विकू नका. नव्या टाकीत अमोनिया खाणारे जिवाणू तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात. त्याआधी सोडलेले मासे आठवड्यात मरतात, गिऱ्हाईक पाणी पूर्ण बदलतं, फिल्टरचा स्पंज नळाच्या क्लोरिनच्या पाण्यात धुतं आणि उरलेले जिवाणूही मारतं. आधी टाकी, फिल्टर आणि अमोनिया तपासायचं किट द्या, मासे महिन्याने. गोल बाउलमध्ये गोल्डफिश तर मुळीच नाही, एकाला किमान ४० लिटर पाणी लागतं. दुसरा नियम, जे मोठं होऊन नदीत टाकलं जाणार ते ठेवू नका: सकर आणि गार हे मासे, आणि नाण्याएवढी लाल कानांची कासवं. ते कासव २५-३० सेंटिमीटर होतं आणि तीस वर्षं जगतं. मग लोक देवळाच्या तळ्यात सोडतात, पुण्य म्हणून.

---

भटकी_शेपटी

मासे-पक्ष्यांबद्दल इतकं नीट पहिल्यांदा वाचलं. एक भर: दत्तक-कोपऱ्याच्या दिवशी पक्ष्यांचे पिंजरे कापडाने झाकून आत हलवा. अनोळखी कुत्र्यांच्या वासाने आणि भुंकण्याने बजरीगर रात्रभर पिंजऱ्यात आपटत राहतात.

---

मिरजमळा

@दाणापाणी, बरोबर ओळखलंत, बजरीगरच आहेत. एका पिंजऱ्यात १८ पक्षी, चार मडकी, त्यातल्या दोनांत अंडी. मडकी आजच काढू का?

---

दाणापाणी

आज रात्री अंधारात बारीक टॉर्चवर अंडी धरून बघा. आत लाल शिरा दिसल्या तर जीव धरलाय. ती उबू द्या, पिल्लं बाहेर येऊन स्वतः दाणे सोलून खाईपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवड्यांची होईपर्यंत मडकं राहू द्या. आरपार पिवळसर, स्वच्छ दिसली आणि ताजी असतील तर काढून फेकू नका, मादी लगेच दुसरी घालते. दहा मिनिटं उकळून, गार करून परत ठेवा. तीन आठवडे बसून कंटाळली की स्वतःच सोडते. तोवर उकडलेलं अंडं आणि भिजवलेला राळा बंद, नुसते कोरडे दाणे, पालेभाजी आणि समुद्रफेस. दुकानाचा दिवा रात्री ११ पर्यंत त्यांच्या डोक्यावर असेल तर तो लवकर बंद करा, उजेड दिवसाला १० तासांवर आणा.

रिकामी दोन मडकी आत्ता काढू नका. एकाच वेळी दोनच मडकी आणि सहा-सात माद्या झाल्या तर त्या आतल्या पिल्लांची डोकी फोडतात. आधी नाकाचा रंग बघून अंड्यांवरच्या दोन जोड्या, प्रत्येकी आपल्या मडक्यासकट, वेगळ्या पिंजऱ्यांत हलवा. मडक्यावर खूण करा आणि तोंड त्याच दिशेला ठेवा, नाहीतर मादी आत जात नाही. मग बाकीचे १४ नर-मादी दोन पिंजऱ्यांत वेगळे करा, आणि त्यानंतर रिकामी दोन मडकी एकदम काढा.